जखमेंतील अळी

पावसाळ्याचे पहिले दोन महिने लोटले म्हणजे बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांतून गुराख्याला एक काम हटकून लागतें. कुंपणाच्या काट्यानें म्हणा, दुसऱ्या जनावराच्या शिंगानें म्हणा, गाईच्या किंवा बैलाच्या अंगावर एखादी लहानशी जखम झालेली असते. तिच्यावर माशा घोंघावूं लागतात आणि दोनतीन दिवसांत जखमेच्या आंत पांढुरक्या अळ्यांची वळवळ सुरू होते. मग सीताफळीचा पाला वाटून तो जखमेंत भरतात. कोणी कापूर घालतो, कोणी टर्पेंटाइन ओततो. आणि अळ्या मरून बाहेर पडल्या कीं जनावर वांचलें असें समजून सारे निश्चिंत होतात. माणसाच्या बाबतींत तर ही गोष्ट नुसती दुखण्याची राहत नाहीं, ती लाजेची होते. ‘तुझ्या अंगांत किडे पडतील’ याहून जहाल शाप मराठी भाषेंत फारसा नाहीं. ज्याच्या जखमेंत अळ्या पडल्या त्याच्याविषयीं घरचीं माणसें बाहेर बोलत नाहींत. आणि त्याला डॉक्टरकडे न्यावयाचें तें काळोख पडल्यावर.

अशा या जीवाच्या अंगांतून पाझरणारा रस महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांना उपकारक ठरूं शकेल, असें कोणी म्हटल्यास ऐकणाऱ्याला आधीं किळस येईल आणि मागाहून हसूं येईल. परंतु हें विधान कोणा विक्षिप्ताचें नव्हे. त्याच्यामागें रणांगणांचा, रुग्णालयांचा आणि प्रयोगशाळांचा मोठा इतिहास आहे. आणि त्याचा एक धागा आपल्याच देशांत, अतिशय प्राचीन काळीं, सांपडतो.

या इतिहासाचें प्रयोजनही दूरचें नाहीं. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकापुढें एक लागतात. मधुमेहाचें नांव ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें घर आज या टापूंत विरळा. वडील माणसाच्या पायाला चपलेचा एक फोड येतो. मधुमेहामुळें तळव्याची जाणीव बोथट झालेली असते, म्हणून तो फोड दुखतही नाहीं. महिना जातो, दोन महिने जातात, जखम भरत नाहीं. कडा पांढऱ्या पडतात, आंतलें मांस काळवंडतें. आणि एके दिवशीं बोट काढावयाचें, पाऊल काढावयाचें, कीं गुडघ्याखालचा सारा पाय काढावयाचा, एवढाच प्रश्न उरतो. जखमेंतील अळीची हकीकत सांगावयाची ती या प्रश्नाकडे लक्ष ठेवून.

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख आहे. शिलाहार राजांच्या त्या काळानंतर सुमारें शंभर वर्षांच्या आंत, बाराव्या शतकांत, डल्हण नांवाच्या पंडितानें सुश्रुतसंहितेवर आपली प्रसिद्ध टीका लिहिली असें विद्वान मानतात. मूळ संहिता त्या वेळींही फार जुनी झालेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली, डल्हणाच्या टीकेसह, तिची आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि हा ग्रंथ मराठी वैद्यांच्या सहज हातीं आला.

या ग्रंथाच्या चिकित्सास्थानांत कृमींविषयीं दोन निरनिराळे उपदेश आहेत. पहिला व्रणाच्या प्रकरणांत. माशा व्रणावर बसून त्यांत कृमि टाकतात आणि ते व्रणाला खातात, त्यामुळें सूज व वेदना होते, असें सांगून सुश्रुत अशा व्रणाला सुरसादि गणाच्या काढ्यानें, म्हणजे तुळशीच्या वर्गांतील वनस्पतींच्या काढ्यानें, धुवावयास सांगतो. सातवीण, करंज, रुई, निंब यांच्या सालींचा लेप सांगतो. आणि व्रणावर मांसाचा तुकडा ठेवून त्याकडे कृमि ओढून काढण्याची युक्तिही सांगतो. दुसरा उपदेश अर्बुदाच्या, म्हणजे अंगावर वाढणाऱ्या गाठीच्या, प्रकरणांत आहे. तेथें नेमकें उलट सांगितलें आहे. पावटे, तिळाची पेंड आणि कुळीथ यांचा कल्क करून त्यांत मांस व दहीं घालावें, त्याचा लेप गाठीवर द्यावा, आणि माशांनीं तेथें आपली प्रजा सोडावी असें मुद्दाम घडवून आणावें. कृमींनीं गाठ खाऊन थोडी उरली म्हणजे उरलेला भाग खरवडून त्यावर अग्निकर्म करावें.

या उताऱ्यावरून ‘सारें कांहीं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतें’ असा जयघोष करण्याचें कारण नाहीं. सुश्रुताची अळी जखम भरून काढीत नाहीं; ती नको असलेली वाढ खाते, आणि पुढचें काम शस्त्राला व अग्नीला करावें लागतें. परंतु दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक अशी कीं, व्रणांतील कृमि माशीपासून येतात हें त्याला पक्कें माहीत होतें. युरोपांत ही गोष्ट १६६८ मध्यें फ्रान्चेस्को रेडि या इटालियन पंडितानें मांसाच्या बरण्यांचीं तोंडें कापडानें झांकून दाखवीपर्यंत, सडक्या मांसांतून किडे आपोआप उत्पन्न होतात असाच सर्वसाधारण समज होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकच कृमि एके ठिकाणीं शत्रु आणि दुसरे ठिकाणीं चाकर, असा भेद त्या ग्रंथानें केला आहे. नुसत्या किळसेवर त्यानें निर्णय सोंपविला नाहीं. पुढील सारा इतिहास हा भेद अधिकाधिक बारकाईनें करण्याचाच इतिहास आहे.

युरोपांतील शस्त्रवैद्यांना हा भेद रणांगणावर शिकावा लागला. १५५७ मध्यें सेंट क्वेन्टिनच्या लढाईंत आंब्र्वाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें जखमांत अळ्यांचे पुंजकेच्या पुंजके पाहिले. परंतु ते त्याला औषध वाटले नाहींत. सुमारें अडीचशें वर्षांनीं नेपोलियनच्या सैन्यांतील मुख्य शस्त्रवैद्य लारे हा इजिप्त व सीरिया या मोहिमेवर गेला. तेथें सैनिकांच्या जखमांत निळ्या माशीच्या अळ्या पडत आणि सैनिक भयानें व्याकुळ होत. लारेनें पाहिलें कीं, या अळ्या सडलेल्या भागालाच लागतात, जिवंत मांसाला उपद्रव देत नाहींत, आणि अशा जखमा लवकर भरून येतात. त्यानें सैनिकांची समजूत घातली, पण स्वतः होऊन अळ्या घालण्याचें धाडस केलें नाहीं. तें धाडस अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६१ ते १८६५ या काळांत, दक्षिणेकडील सैन्याचा शस्त्रवैद्य जॉन झकरायस यानें केलें. डॅन्व्हिल येथील रुग्णालयांत सडणाऱ्या जखमांवर त्यानें अळ्या मुद्दाम सोडल्या, आणि कोणत्याही औषधापेक्षां त्यांनीं जखम लवकर स्वच्छ केली व अनेकांचे प्राण वांचले असें नमूद करून ठेविलें.

झकरायसचें हें लिहिणें कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. त्याच सुमारास पाश्चरचा जंतुवाद आणि लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया यांचा उदय झाला. स्वच्छतेचें नवें युग सुरू झालें, आणि त्यांत माशीच्या अळीला रुग्णालयाच्या दारांतही उभें राहूं देणें शक्य नव्हतें.

पहिल्या महायुद्धांत, १९१७ मध्यें, फ्रान्समधील आघाडीवर विल्यम बेअर नांवाचा अमेरिकन अस्थिवैद्य काम करीत होता. त्याच्यापुढें एके दिवशीं दोन सैनिक आणले गेले. दोघांचींही मांडीचीं हाडें मोडून बाहेर आलेलीं, आणि पोटालाही मोठ्या जखमा. लढाईच्या गर्दींत ते नजरेआड राहिले होते आणि अन्नपाण्याशिवाय सात दिवस उघड्यावर पडले होते. अशा जखमांचे सैनिक उत्तम शुश्रूषा मिळूनही बहुधा दगावत. या दोघांना मात्र तापही नव्हता. त्यांचे कपडे काढतांच जखमांत हजारों अळ्या दिसल्या. तें दृश्य पाहून बेअरलाही शिसारी आली. त्यानें घाईघाईनें जखमा धुऊन काढल्या. आणि खालीं पू व सडलेलें मांस यांच्याऐवजीं त्याला गुलाबी, दाणेदार, नवें मांस दिसलें. दोघेही सैनिक बरे झाले.

बेअर युद्ध संपल्यावर बाल्टिमोरला परतला आणि तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत अस्थिशल्य शिकवूं लागला. त्या काळीं हाडांत पू धरण्याचा एक जुनाट रोग लहान मुलांना वर्षानुवर्षें खाटेला खिळवीत असे. शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया करूनही जखम पुन्हां वाहूं लागे. फ्रान्समधील तें दृश्य बेअर विसरला नव्हता. १९२८ च्या सुमारास, म्हणजे दहा-अकरा वर्षांनीं, त्यानें अशा चार मुलांच्या जखमांत अळ्या घातल्या. सहा आठवड्यांत चौघांच्याही जखमा भरल्या. मग त्यानें हा प्रयोग आणखी अनेक रोग्यांवर केला.

पण कांहीं रोग्यांना धनुर्वात झाला. अळी जखम स्वच्छ करीत होती, पण येतांना आपल्याबरोबर बाहेरचे जंतु आणीत होती. दुसरा एखादा वैद्य येथें हताश होऊन थांबला असता. बेअरनें माशीचीं अंडीं जंतुनाशक द्रवांत धुऊन, निर्जंतुक अन्नावर अळ्या वाढविण्याची पद्धति बसविली. रणांगणावरची अळी आणि रुग्णालयांतील अळी यांत फरक पडला तो येथें. १९३१ मध्यें बेअर वारला, आणि त्याचा मुख्य निबंध त्याच वर्षीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेंतील तीनशेंहून अधिक रुग्णालयांनीं हा उपचार स्वीकारला, आणि लेडर्ले ही औषधांची मोठी कंपनी निर्जंतुक अळ्या बाटल्यांत भरून विकूं लागली.

साहजिकच एक प्रश्न निघाला. अळी जर आपल्या अंगच्या रसानें जखम बरी करीत असेल, तर तो रसच वेगळा काढून वापरावा. रोग्याच्या अंगावर किडे कशाला सोडावे? अमेरिकेच्या कृषिखात्यांतील विल्यम रॉबिन्सन या कीटकशास्त्रज्ञानें या दिशेनें शोध केला. १९३५ मध्यें त्यानें दाखविलें कीं, अळ्यांच्या उत्सर्गांत ॲलन्टॉइन नांवाचें द्रव्य असतें आणि तें जखमेंत नवें मांस धरण्यास मदत करतें. पुढें युरिया व अमोनिया यांच्याकडेही लक्ष गेलें. कारण अळ्यांच्या वास्तव्यानें जखम आम्लतेकडून अल्कतेकडे झुकते असें आढळलें होतें. त्याच वर्षीं सिमन्स या दुसऱ्या शास्त्रज्ञानें अळ्यांच्या उत्सर्गांत जंतु मारण्याचा गुण आहे असें दाखविलें. ॲलन्टॉइन आजही त्वचेच्या मलमांत वापरतात. परंतु अळीनें जें एकवट काम केलें तें यांपैकीं कोणत्याही एका द्रव्यानें तसें करून दाखविलें नाहीं.

आणि मग हा सारा उद्योग एकाएकीं थांबला. बेअरच्या प्रयोगाच्याच सुमारास, १९२८ मध्यें, लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यानें एका बुरशीच्या भोंवतीं जंतु मरून पडलेले पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं त्या बुरशींतून पेनिसिलीन वेगळें करून माणसांवर त्याचा गुण सिद्ध केला, आणि १९४४ पर्यंत अमेरिकेंत तें प्रचंड प्रमाणांत तयार होऊन युद्धभूमीवर जाऊं लागलें.

याच युद्धानें कल्याणच्या पूर्वेस एक नवें गांव उभें केलें. जाणाऱ्यायेणाऱ्या सैन्याच्या तात्पुरत्या मुक्कामासाठीं तेथें लष्करी छावणी वसली आणि बराकींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. १९४७ मध्यें देशाची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना याच बराकींत आसरा मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचें नांव उल्हासनगर असें ठेवण्यांत आलें. आजही तेथें पत्ता सांगतांना लोक कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असेंच सांगतात. ज्या वर्षांत छावणीचें गांव झालें, त्याच वर्षांत अळीची सद्दी संपून पेनिसिलीनची सुरू झाली. १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हें औषध देशांतच तयार होऊं लागलें. ज्या सुईनें न्युमोनियाचा रोगी चार दिवसांत उठून बसतो, ती सुई हातीं असतां किड्यांची आठवण कोण ठेवणार?

ज्यांना ती सुई मिळाली नाहीं त्यांना मात्र ही आठवण ठेवणें भाग पडलें. त्याच युद्धांत सयाम व ब्रह्मदेश यांच्यामधील लोहमार्गावर जपान्यांनीं राबविलेल्या युद्धकैद्यांच्या पायांना भयंकर क्षतें पडत. औषधें नव्हतींच. तेव्हां त्यांच्यांतील कांहीं डॉक्टरांनीं क्षतांवर अळ्या सोडून सडलेलें मांस काढविलें.

पेनिसिलीनचें राज्य निष्कंटक राहिलें नाहीं. जंतूंनीं औषधांना दाद न देण्याची शक्ति मिळविली. शिवाय एक अडचण मूळचीच होती. औषध जखमेपर्यंत पोंचतें तें रक्तावाटें; आणि मेलेल्या मांसांत रक्त फिरतच नाहीं. मधुमेह्याच्या पायावरील काळवंडलेला भाग औषधाच्या राज्याबाहेरचा प्रदेश होतो आणि जंतूंना तेथें सुखानें नांदतां येतें. तो भाग शस्त्रानें काढावा लागतो, आणि कांहीं रोग्यांची प्रकृति शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसते. अशा जखमांसाठीं १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत डॉ. रोनाल्ड शर्मन यांनीं अळ्यांचा उपचार पुन्हां हातीं घेतला. १९९५ मध्यें वेल्समधील ब्रिजेंड येथें निर्जंतुक अळ्या तयार करून रुग्णालयांना पुरविण्याचें केंद्र निघालें. २००४ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें या अळ्यांच्या विक्रीला परवानगी दिली. कायद्याच्या दृष्टीनें त्या औषध नव्हत, ‘वैद्यकीय साधन’ ठरल्या. चिमटा किंवा कात्री यांच्याच पंक्तींत त्या जाऊन बसल्या.

या अळ्या एका ठराविक हिरव्या माशीच्या असतात. तिचें शास्त्रीय नांव ल्युसिलिया सेरिकाटा. निर्जंतुक अंड्यांतून नुकतीच बाहेर पडलेली अळी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांची असते. जखमेच्या दर चौरस सेंटिमीटरला पांच ते दहा अशा बेतानें त्या सोडतात, किंवा जाळीच्या लहान पिशवींत घालून ती पिशवी जखमेवर बांधतात. आणि दोनतीन दिवसांनीं, त्या तांदळाच्या दाण्याहून मोठ्या झाल्यावर, काढून टाकतात. अळीला दांत नसतात. ती आपला पाचक रस बाहेर सोडते, त्यांत मेलेलें मांस विरघळतें, आणि तें पातळ झालेलें अन्न ती शोषून घेते. माणसाच्या पोटांत जें घडतें तें अळीच्या पोटाबाहेर घडतें, असें म्हटलें तरी चालेल.

या रसावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ काम झालें आहे. त्यांत प्रथिनें फोडणारीं पाचकद्रव्यें सांपडलीं. २०१० मध्यें प्राग येथील शास्त्रज्ञांनीं या माशीच्या अळीपासून ल्युसिफेन्सिन नांवाचें जंतुनाशक प्रथिन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्यांत ४० अमिनो आम्लांची सांखळी आहे. जुन्या जखमेंतील जंतु स्वतःभोंवतीं एक चिकट पापुद्रा विणतात आणि त्याखालीं औषधांपासून सुरक्षित राहतात. हॉलंडमधील लायडेन येथील संशोधकांनीं २००८ मध्यें दाखविलें कीं, अळ्यांच्या उत्सर्गानें हा पापुद्रा फुटतो. नॉटिंगहॅम येथील प्रयोगशाळेंत आणखी एक गोष्ट दिसली. जखम सांधणाऱ्या पेशी या रसाच्या सान्निध्यांत अधिक चपळाईनें सरकतात. जुनाट जखम ही जणूं अर्ध्यावर थांबलेली जखम असते. दाह शमत नाहीं आणि नवें मांस धरत नाहीं. तिला पुन्हां चालतें करण्याचें सामर्थ्य या रसांत असावें, अशी आशा या प्रयोगांनीं उत्पन्न केली.

परंतु कांचेच्या बशींत जें घडतें तें माणसाच्या पायांत तसेंच घडतें असें नाहीं. २००९ मध्यें ब्रिटनमधील एका मोठ्या तुलनेचा निकाल प्रसिद्ध झाला. पायांवर न भरणाऱ्या क्षतांचे २६७ रोगी त्यांत होते. कांहींना मोकळ्या अळ्या, कांहींना पिशवींतील अळ्या आणि कांहींना नेहमींचा मलमासारखा लेप देण्यांत आला. अळ्यांनीं मेलेलें मांस खरोखरच फार लवकर काढलें. परंतु जखम पूर्ण भरण्यास लागलेला काळ तिन्ही गटांत सारखाच ठरला, आणि अळ्यांच्या गटांतील रोग्यांना वेदना अधिक झाल्या. म्हणजे अळी उत्तम झाडूवाली आहे हें सिद्ध झालें. ती गवंडीही आहे हें मात्र सिद्ध व्हावयाचें आहे. रस जखम भरण्यास ‘मदत करूं शकेल’ असें शास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हां त्या ‘शकेल’ या शब्दांत हा सारा निकाल सामावलेला असतो. ऐकणाऱ्यानें तो शब्द गाळूं नये.

आपल्याकडील वाचकाला याहूनही सावध करणारी एक गोष्ट आहे. हिंदुस्थानांत जखमेवर येऊन बसणारी प्रत्येक माशी ल्युसिलिया नसते. क्रायसोमिया बेझियाना नांवाची एक माशी येथें सर्वत्र आढळते. तिची अळी मेलेल्या मांसावर जगत नाहीं. ती जिवंत मांसांत स्क्रूसारखी शिरते आणि निरोगी मांस खात खोल जाते. ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’मधील पॅटन या शास्त्रज्ञानें १९२० मध्यें आपल्या निबंधांत स्पष्ट केलें कीं, या देशांत माणसांच्या व गुरांच्या जखमांत पडणाऱ्या किड्यांना मुख्यतः हीच माशी कारण आहे. नाकांत, कानांत किंवा डोळ्यांत तिच्या अळ्या पडल्यास रोग्याचा जीवही धोक्यांत येतो. दोन्ही अळ्या अननुभवी डोळ्याला सारख्याच पांढऱ्या आणि सारख्याच वळवळणाऱ्या दिसतात. एक मेलेलें खाते, दुसरी जिवंत खाते. म्हणून ‘परदेशांत अळ्यांनीं जखमा बऱ्या करतात’ असें ऐकून कोणी घरच्या माणसाच्या पायावर माशा बसूं दिल्या, तर तो बेअरचा शिष्य ठरणार नाहीं. बेअरनें धनुर्वाताचे रोगी पाहून जो धडा घेतला तो त्यानें घेतलाच नाहीं असें होईल.

या दृष्टीनें पाहिल्यास बदलापूरचा गुराखी आपल्या जागीं बरोबर आहे. त्याच्या बैलाच्या जखमेंत पडते ती बहुधा जिवंत मांस खाणारी अळी, आणि ती मारण्यासाठीं सीताफळीचा पाला भरण्यांत तो कांहीं अडाणीपणा करीत नाहीं. निर्जंतुक अळी मोजून, बांधून, ठराविक मुदतींत काढून घेणारा डॉक्टरही आपल्या जागीं बरोबर आहे. चूक होते ती दोन प्रकारच्या माणसांकडून. एक, ज्याला अळी म्हटली कीं नुसती किळस येते आणि पुढें विचार करवत नाहीं. आणि दुसरा, ज्याला निसर्गाचें म्हणून जें जें सांगितलें तें तें औषध वाटूं लागतें. सुश्रुतानें एकाच ग्रंथांत कृमींना हांकून देण्याचाही उपाय सांगितला आणि बोलावण्याचाही. कोणता उपाय कोठें, हें ठरविण्याचें काम मात्र त्यानें जाणत्या वैद्यावर ठेविलें.

मधुमेह्याच्या पायाला या इतिहासांतून मिळावयाचा लाभ तूर्त लहान आहे, पण तो खरा आहे. न भरणारी जखम ही लपविण्याची वस्तु नव्हे. तळव्यांची जाणीव गेली असेल तर रोज रात्रीं पाय उजेडांत धरून पाहणें, फोड दिसतांच त्या पायावरचा भार काढणें, रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें, आणि पायाला रक्त पुरेसें पोंचतें कीं नाहीं हें तपासून घेणें, या गोष्टी कोणत्याही अळीपेक्षां अधिक पाय वांचवितात. त्या वेळेवर केल्या तर शस्त्र, औषध कीं अळी हा प्रश्न पुष्कळदां निघतच नाहीं.

आणि तरीही एखाद्याच्या जखमेंत अळ्या पडल्याच, तर त्याला दोष देण्याचें किंवा त्यानें मान खालीं घालण्याचें कांहीं कारण नाहीं. नेपोलियनच्या सैनिकांनाही याच भयानें घेरलें होतें, आणि बेअरसारख्या अनुभवी शस्त्रवैद्यालाही पहिल्या क्षणीं शिसारीच आली होती. त्या अळ्या कोणत्या आहेत आणि खालचें मांस कसें आहे हें पाहण्याचें काम डॉक्टरचें. घरच्यांचें काम एवढेंच कीं, काळोख पडण्याची वाट न पाहतां, दिवसाउजेडीं, त्याच दिवशीं, रोग्याला रुग्णालयांत घेऊन जावें.